ल्युसिंडाला वेगळं बसवून विचारलं तेव्हा

स्टॅलर्डचा झरा,
शनिवार, १२ फेब्रुवारी १९९४

प्रिय एडनाताई यांस वेल्डाचा सप्रेम नमस्कार.

इकडे मी, मांजर आणि छपराची गळती, तिघंही आपापल्या जागी ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याची खुशाली आधी कळवा, बाकीच्या अवयवांची मग. डेटनला बर्फ फार पडला असं रेडिओवर ऐकलं. पायऱ्यांवर मीठ टाकल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि टाकायला तुमच्या गॅरीला सांगा, स्वतः वाकू नका.

गॅरीने टाईप करून घेतलेला कागद पोचून दीड महिना झाला. माझी जागा सोडून बाकी सगळं भरलेलं आहे. जमीन अर्धी तुमची, अर्धी तुमच्या भावाची, हार्लनची, म्हणून आता माझी. दोन्ही सह्या झाल्या की घर, वरचं रान, झरा, सगळं त्या सुट्टीची घरं बांधणाऱ्या गृहस्थाला जाईल, झऱ्यावरच्या कबरी रस्त्यापलीकडे हलवतील (गॅरी लिहितो, 'सगळं नियमात करतात, मामी'), आणि मी तुमच्या खालच्या खोलीत राहायला येईन. खोलीला पिवळा रंग दिला हे वाचून बरं वाटलं. तुमची सही मात्र बघत राहिले. तुमची सही म्हणजे नेहमी पोळपाटाएवढी. ही बारीक आहे, घाईची, मांडीवर कागद ठेवून कोणीतरी थांबलंय म्हणून केल्यासारखी. बोटांत संधिवात तर शिरला नाही ना? शिरला असेल तर आक्रोडाचं तेल पाठवते.

उत्तराला उशीर झाला त्याचं कारण असं की मधल्या काळात मी वारले होते.

झालं ते असं. हार्लनच्या कबरीचा दगड घेताना दगडवाल्याने सांगितलं की जोडदगड घ्या, कोरणाऱ्याला एकदाच यावं लागतं. म्हणून त्याच्या शेजारी माझं नाव आणि जन्मसाल कोरून पुढची जागा मोकळी ठेवली. आपल्याकडे सगळ्याच विधवांची नावं अशी आधी जाऊन बसलेली असतात, त्यात मला काही वाटलं नाही. ऑक्टोबरात काउंटीच्या इतिहास मंडळाची माणसं कबरींवरचा मजकूर उतरवून घ्यायला आली. दगडावर खडू घासतात, अक्षरं उमटली की वहीत लिहितात. मी त्यांना सफरचंदाचा केकही दिला होता. डिसेंबरात त्यांचं पुस्तक निघालं, त्यात पान अठ्ठ्याऐंशीवर हार्लन, आणि त्याच्याखाली, 'पत्नी वेल्डा, जन्म १९२७, मृत्यूची तारीख दगड झिजल्याने वाचता येत नाही.' (दगड दोन महिन्यांचा होता, ताई, आणि ग्रॅनाइटचा. पण त्या माणसांना दीडशे वर्षांचे दगड वाचून इतकी सवय झाली आहे की कोरी जागा दिसली की ती झिजलेलीच असणार. आणि केक कोणी दिला हा प्रश्न एकालाही पडला नाही.) आमचा नऊ दिवसांचा होऊन गेलेला क्लेटन, ज्याचं नाव तुम्ही सुचवलं होतं, तो तेवढा बरोबर छापला आहे.

मला माझ्या मरणाची बातमी टपालाने आली. ओरेगनहून कोणी बर्निस हॉलक्विस्ट नावाच्या बाईंचं पत्र आलं, पाकिटावर 'कै. वेल्डा स्टॅलर्ड यांच्या वारसांस'. माझे वारस म्हणजे मी आणि मांजर, म्हणून मीच फोडलं. बाई तुमच्याच कुळातल्या निघाल्या, तुमच्या खापरपणजोबांच्या, म्हणजे अ‍ॅब्सलमच्या, भावाच्या वंशातल्या. तिकडच्या वाचनालयात बसून इकडच्या कबरी वाचतात. माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं, जिवंतपणी इतकं कोणी लिहिलं नव्हतं. पुढे विचारलं होतं की मयत बाईंच्या कागदपत्रांत अ‍ॅब्सलमच्या बायकोबद्दल, ल्युसिंडाबद्दल, काही सापडतं का. मी कळवलं की मयताच्या खणात बियाण्यांच्या पुड्यांशिवाय काही नाही. उलट टपाली बाईंनी मी जिवंत असल्याबद्दल एका ओळीत आनंद कळवला आणि दुसऱ्या ओळीपासून पुन्हा ल्युसिंडा.

मग मी चूक दुरुस्त करायला मंडळात गेले. तुम्हाला मिस ओरेथा क्विलेन आठवत असतील, शाळेत तुम्हाला भूगोल शिकवायच्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि मंडळ म्हणजे काउंटीच्या कचेरीतल्या एका खोलीत त्या आणि एक फिरता पंखा. मी म्हटलं, मिस ओरेथा, मी मेलेली नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "ते दिसतंय मला. कागद काय आणलास?" मी म्हटलं, मीच आले आहे. तर म्हणतात, "तू म्हणजे ऐकीव माहिती, वेल्डा. उद्या आपण दोघी नसलो की कोण सांगणार तू आली होतीस? दोन साक्षीदारांच्या सह्या आण, जानेवारीच्या शुद्धिपत्रात घेते." (साक्षीदार मिळाले. डॉक्टरने सही करण्याआधी नाडी बघितली, त्याला वाटलं मी हसेन.)

त्या सह्या ठेवायला मिस ओरेथांनी आमच्या घराण्याची पुठ्ठ्याची फाईल काढली, आणि त्यात सगळं हार्लनचं अक्षर. तुम्हाला माहीत आहे, एकोणीस वर्षं तो दर गुरुवारी काउंटीच्या कचेरीत जाऊन जुन्या वह्या बघायचा. त्याचा एकच प्रश्न मंडळाच्या त्रैमासिकात वर्षानुवर्षं छापून यायचा: 'अ‍ॅब्सलम स्टॅलर्डची पत्नी ल्युसिंडा. माहेर कोणतं? आईवडील कोण? कृपया कळवा.' जनगणनेत ती नुसती ल्युसिंडा, कबरीवर नुसती अ‍ॅब्सलमची पत्नी, जशी काही झऱ्यातूनच वर आली. मी त्याची थट्टा करायचे, की याचा नवरेपणा बघा, दर गुरुवारी डबा घेऊन दुसऱ्या बाईकडे जातो, आणि बाई मेलेली म्हणून गावाला बोलायची सोय नाही. निघताना तो दर वेळी दारात थांबून विचारायचा, "येतेस?" आणि मला दर वेळी शेंगा निवडायच्या असायच्या, नाहीतर बीट बरणीत भरायचं असायचं. एकोणीस वर्षांत गुरुवार किती झाले ते मी मोजलेलं नाही. मोजणार नाही.

तर पुढच्या गुरुवारी मी गेले. त्याचाच डबा, त्याचंच भिंग. शेंगा नव्हत्याच, जानेवारी होता.

बर्निसबाईंनी तोवर आपल्याकडची गोष्ट लिहून पाठवली होती. १८४६ च्या वसंतात दोघं भाऊ जमिनी विकून मिझुरीला जाणार होते. धाकटा इनॉक आपली विकून नदीच्या धक्क्यावर बैलगाडी घेऊन अकरा दिवस थांबला आणि अ‍ॅब्सलम आलाच नाही. त्यांच्याकडे अजूनही जेवायला बोलावलेला माणूस आला नाही की म्हणतात, त्याचा अ‍ॅब्सलम झाला. (आपल्याकडची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तुमचे वडील ती मूठ वर करून सांगायचे: अ‍ॅब्सलम निघाला, वाकला, मूठभर माती उचलली, रडला, आणि म्हणाला हिला सोडून मी जाणार नाही. हार्लनला ती खरी वाटायची. मला नेहमी वाटायचं, शेतकरी आहे, मार्चमधली चिखलाची माती मुठीत घेऊन कोण रडतं.)

कचेरीत वाचायची एक रीत आहे. आधी सूची बघायची, त्यात नाव, नावासमोर पान, तेवढं पान उघडायचं, उतरवायचं आणि वही बंद. मिस ओरेथांनी ती सगळ्यांना शिकवली, हार्लनलाही. पण सूची असते ती झालेल्या खरेदीखतांची. कोर्टाची रोजची एक वही असते तिला सूचीच नाही, म्हणून तिच्याकडे कोणी जात नाही. मला सूची वापरता येत नाही आणि पुस्तक मधून उघडता येत नाही. आठवीतून शाळा सुटली तेव्हापासून मी जे वाचलं ते पहिल्या पानापासून. मी १८४६ ची वही घेतली आणि पहिल्या ओळीला लागले. मिस ओरेथा म्हणाल्या, "वेल्डा, ही कादंबरी नाही." मी म्हटलं, मागे काय झालं ते माहीत नसताना पुढचं कसं कळणार. त्या म्हणाल्या, "बस मग. मार्चपर्यंत पोचेपर्यंत खराच मार्च येईल."

तीन गुरुवार लागले. फार चांगलं पुस्तक आहे, ताई. कोणाच्या डुकराच्या कानाला कसली खूण, कोणी लांडगा मारला, ओढ्यावरचा पूल कोणी बांधायचा, आणि एक माणूस दर महिन्याला शिवीगाळीसाठी दंड भरतो, एका महिन्यात तो आला नाही तर मला चुकल्यासारखं झालं. आणि मग परवाच्या गुरुवारी, पान दोनशे अकरा. त्या काळी नवऱ्याने जमीन विकली तरी बायकोचा वाटा तिने सोडल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे, आणि तो ती राजीखुशीने सोडते का हे कारकुनाने तिला नवऱ्यापासून वेगळं बसवून विचारायचं असे. हजार बायकांच्या नावापुढे एकच वाक्य असतं, राजीखुशीने सोडते म्हणाली. इथे कारकून लिहितो, मी जसंच्या तसं उतरवलं आहे:

'अ‍ॅब्सलम स्टॅलर्डची पत्नी ल्युसिंडा हिला नवऱ्यापासून वेगळं बसवून विचारलं. ती म्हणाली, सोडत नाही. कारण विचारलं. म्हणाली, झऱ्याच्या वर दोन लेकरं आहेत, त्यांना ठेवून जायची नाही. हजर असलेले तिचे वडील जेसी व्हीटक्राफ्ट म्हणाले की ती जन्मापासून अशीच आहे. व्यवहार रद्द.'

व्हीटक्राफ्ट, ताई. एकोणीस वर्षं ज्या आडनावासाठी हार्लन फिरला ते तिच्या बापाने वैतागून बोललेल्या एका वाक्यात बसलेलं होतं. मूठभर माती कुठेच नाही. अ‍ॅब्सलम बिचारा बाहेर ओसरीवर टोपी फिरवत बसला असेल आणि तिकडे इनॉक बैलांना चारा घालत.

मी शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हटलं, "अरे, हे बघ." खुर्चीवर माझाच कोट होता.

मिस ओरेथा आल्या, त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मीच त्याला सूचीकडे पाठवत होते." मी म्हटलं, त्याला तिथे येणं आवडायचं, लवकर सापडलं असतं तर गुरुवारी गेला कुठे असता? त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "डबा उघड." मक्याची भाकरी आणि घेवड्याचं कालवण होतं, दोघींनी खाल्लं. कचेरीत खायला बंदी आहे, पाटी त्यांच्याच अक्षरातली आहे.

त्रैमासिकात उत्तर छापायचं तर छापील अर्ज भरावा लागतो. प्रश्न कोणाचा: हार्लन स्टॅलर्ड. उत्तर: व्हीटक्राफ्ट. पुरावा: वही, पान. शेवटचा रकाना असतो, उत्तर देणाऱ्याचं प्रश्नकर्त्याशी नातं. तिथे पत्नी लिहिलं. बराच वेळ लागला, पेन चालत नव्हतं.

गॅरीला आशीर्वाद. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला आपलं बरंच व्हावंसं वाटतं. गुडघ्याला जपा.

तुमची,
वेल्डा

ता. क. गॅरीचा कागद सोबत परत पाठवते आहे. सहीची जागा रिकामी आहे, झिजलेली नाही. मागच्या बाजूला मी लिहिलं आहे ते त्याला वाचून दाखवा: 'हार्लनची पत्नी वेल्डा हिला नवऱ्यापासून वेगळं बसवून विचारलं (ती आठ महिने वेगळीच आहे). म्हणाली, आज सही करत नाही. कारण विचारलं. म्हणाली, ल्युसिंडाचं होतं तेच.'

दुसरा ता. क. मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी या. गॅरी आणील. तुमच्याकडचं घराण्याचं बायबल आणा, त्यात जन्ममृत्यूच्या पानावर ल्युसिंडापुढे मोकळी जागा आहे असं हार्लन म्हणायचा, ती तुमच्या हाताने भरायची आहे. पण खरं कारण वेगळं आहे. जमीन अर्धी तुमची आहे आणि त्या सहीने मला झोप नाही. आल्यावर गॅरीला गाडीत बसू दे, रेडिओ लावून. मी स्वयंपाकघराचं दार लावून तुम्हाला एकदाच विचारणार आहे. राजीखुशीने सोडते म्हणालात तर त्याच टेबलावर सही करीन आणि तुमच्या पिवळ्या खोलीत येईन, कुरकुर करणार नाही. नाही म्हणालात तर हार्लनच्या बाजूची खोली झाडून ठेवली आहे. जिना नाही, गुडघ्याला त्रास होणार नाही.

तिसरा ता. क. उशी आणा. आमच्या उशा तुम्हाला कडक लागतात, हे तुम्ही १९५१ पासून सांगत आहात.