शेवटची दहा मिनिटं

सोमवार, ३. सकाळी सव्वासात.

साफसफाई! कॉलेजच्या कागदावर पोरीने छापून ठेवलंय, ‘माझी आजी थिएटरमध्ये साफसफाई करत असे.’ बावीस वर्षं मी लेडीज गेटला डोअरकीपर होते. हातात बॅटरी, कमरेला चाव्या. झाडू मारायला वेगळी बाई होती आणि ती मला मॅडम म्हणायची. एकदाच म्हणाली, पण म्हणाली.

असो. नमस्कार.

ही वही म्हणजे थिएटरचं ड्यूटी रजिस्टर. थिएटर बंद पडलं तेव्हा मॅनेजरने खुर्च्या विकल्या, पडदा विकला, पंखे विकले. याला कोणी हात लावेना म्हणून मी घरी आणलं. निम्मं कोरं आहे. माझ्यापुरतं लिहिते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन पोस्टरांवर झालं, म्हणून माझं अक्षर मोठं येतं.

तर नातीला, म्हणजे मुलाच्या मुलीला, प्रोजेक्ट आहे. तिला मी बॅरिस्टर म्हणते, कारण घरात मीठ संपलं तरी तिला साक्षीदार लागतो. विषय: किशोरवयीन प्रेमपटांचं सामाजिक आणि सांस्कृतिक महत्त्व. उद्या माझी मुलाखत. शेवटी बरोबर माणसाकडे आली.

निश्चय: थोरलीचं, म्हणजे माझ्या लेकीचं, नाव काढणार नाही. सव्वीस वर्षं काढलेलं नाही, उद्याही नाही.

हजर: मुलगा, सूनबाई, बॅरिस्टर, मी. गैरहजर: कोणी नाही.

मंगळवार, ४. दुपारी.

मुलाखत झाली. बॅरिस्टरने मोबाईल स्टुलावर ठेवला. मी म्हटलं, एका ओळीत सांगते, हे सिनेमे पोरी पळवतात. घे लिहून आणि चल, भाजी निवडू. म्हणाली, आजी, पंधराशे शब्द हवेत.

मग तिला दोन वेण्यांचा सिनेमा सांगितला. खरं नाव घेणार नाही, फुकट जाहिरात कशाला. चौदा आठवडे चालला, रोज चार खेळ, म्हणजे तीनशे ब्याण्णव वेळा मी पाहिला, तोही उभ्याने. एवढा अभ्यास तिच्या सरांचाही नसेल.

पोरगी दहावीत, पोरगा अकरावीत. तो खाली सायकलची घंटी वाजवतो, ही वर खिडकीत येते. एवढ्यावर मध्यंतर. मग बापाला कळतं. बाप जिन्यात उभा राहून म्हणतो, ‘जा. पण हे दार फक्त बाहेर उघडतं.’ यावर बाल्कनीतले बाप टाळ्या वाजवायचे. घंटीला स्टॉलमधली पोरं शिट्ट्या मारायची. एकाच पैशात दोघांची सोय. हे झालं सांस्कृतिक महत्त्व. सामाजिक म्हणशील तर आमच्या रस्त्यावरच्या यच्चयावत पोरींनी दोन वेण्या घातल्या आणि सायकलवाल्याकडच्या घंट्या संपल्या.

बॅरिस्टरने विचारलं, शेवट काय? पोरगी बॅग घेऊन निघून जाते, चूक कळते, घरी परत येते. आता शेवटची दहा मिनिटं डोअरकीपर आत नसतो. पडदे बांधायचे, बाहेरची दारं उघडायची, लोखंडी फाटक ढकलायचं. नाहीतर शो सुटल्यावर चेंगराचेंगरी. पण बाहेर येणाऱ्यांच्या तोंडावर शेवट वाचता येतो. माणसं डोळे पुसत हसत यायची. बायका म्हणायच्या, आली गं बाई घरी. तेवढ्यावर कळतं.

थोरलीचा विषय काढला नाही. एकदाच काढला, तासभर. दहाव्या आठवड्यात गेली, सतरा वर्षांची, बॅग घेऊन. सिनेमाने नेली. मी वाईट वाटून घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी मॅटिनीला ड्यूटीवर होते.

हे रेकॉर्ड झालं असावं. लाल टिकली पेटलेली होती.

गुरुवार, ६.

बॅरिस्टरला ‘दुसरी बाजू’ हवी आहे. मी म्हटलं, माझीच फिरवून बघ, मागे दुसरी निघेल. ती म्हणाली, आत्याला विचारते, बाबांकडे नंबर आहे.

बाबांकडे नंबर आहे!

अकरा वर्षं आहे. ‘प्लंबर दोन’ या नावाने. मी कितीदा म्हटलं असेल, नळ गळतोय, पहिला येत नाही तर त्या दुसऱ्याला बोलाव. मुलगा म्हणायचा, आई, तो येत नाही. मी म्हणायचे, विचारून तरी बघ. तो म्हणायचा, विचारलंय.

यावर मी काही बोलले नाही. म्हणजे पहिल्या घासापासून झोपेपर्यंत बोलले, पण वावगा शब्द एकही नाही. मुलगा ताटावरून अर्धवट उठला. त्याचा तो स्वभावच आहे.

करू दे फोन. मला काय? माझी बाजू भक्कम आहे. ती येईल म्हणून मी कधी वाट पाहिली नाही, फक्त घर बदललं नाही. तीन जिने चढून गुडघे गेले, मुलगा लिफ्टवालं घर दाखवतो, मी नको म्हणते. हवा चांगली आहे इथे.

शनिवार, ८. सकाळी.

आत्या बोलली. बॅरिस्टरने उत्तरं कागदावर उतरवून आणली आणि मला वाचून दाखवली. जसं कानावर पडलं तसं लिहिते.

‘तो सिनेमा मी पाहिलाच नाही. गेटवर आई. मला कोण आत सोडणार? मोफत पास मॅनेजरच्या भाचीला, मला नाही. नियम म्हणजे नियम.’

हे खोटं आहे. म्हणजे पासचं खरं आहे.

‘नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. वर्गातल्या एका पोराच्या सायकलवर बसून पोस्टात गेले. ते आईने गेटवरून पाहिलं. त्या पोराचं नाव आता आठवतही नाही. संध्याकाळी आई जिन्यात उभी राहिली आणि म्हणाली, जा, पण हे दार फक्त बाहेर उघडतं.’

बॅरिस्टर थांबली. म्हणाली, आजी, मंगळवारी तू हे सिनेमातल्या बापाचं म्हणून सांगितलंस ना?

मी म्हटलं, सगळेच आईबाप असं बोलतात. ती म्हणाली, सगळे बोलतात म्हणून तर मी प्रोजेक्ट करतेय.

मग पुढचं वाचलं. ‘आठ दिवस मैत्रिणीच्या घरी होते, दोन रस्ते पलीकडे. वाटलं, येईल. नंतर हॉस्टेलचं पत्र आलं.’

भाजी करपली. गॅस मोठा राहिला होता. सूनबाईचं लक्ष नसतं.

हजर: चार. गैरहजर: एक.

रविवार, ९. दुपारी चार.

साक्षीपुरावा करायचं ठरवलं. बॅरिस्टरला म्हटलं, लाव तुझ्या लॅपटॉपवर तो सिनेमा. शेवटी पोरगी आपणहून येते, ते तुझ्या आत्याला दाखव, म्हणजे कोणी यायला हवं होतं ते तिला कळेल.

आयुष्यात पहिल्यांदा तो सिनेमा बसून पाहिला. बसून पाहिला तर लांब वाटतो. पोरगा काही दिसायला धड नाही. तेव्हा अंधारात कळलं नाही.

बाप जिन्यात आला, डायलॉग बोलला. टाळ्या नाहीत. आमच्या खोलीत नुसता पंखा. डायलॉग साधाच आहे.

पोरगी बॅग घेऊन बस स्टँडवर बसली आणि मी उठले. बॅरिस्टर म्हणाली, कुठे? मी म्हटलं, पडदे बांधायला. तिने पदर ओढून खाली बसवलं.

बाप येतो.

पोरगी कुठेच जात नाही. बाकावर बसून राहते. बाप येतो, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. तीनशे ब्याण्णव वेळा आला असेल. मी बाहेर फाटक ढकलत होते. तो काहीही बोलत नाही. त्या माणसाचे सगळे डायलॉग मला पाठ, आणि शेवटी त्याला डायलॉगच नाही. खाली वाकतो, तिची बॅग उचलतो आणि चालायला लागतो.

आज एवढंच.

सोमवार, १०.

त्या बापाला काय, नोकरी दाखवलेलीच नाही. मला बाराचा खेळ होता. शिवाय हे गेलेले, मुलगा नववीत, रजा कोण देणार?

आणि दोन रस्ते पलीकडे आहे हे मला कुठे माहीत होतं?

माहीत होतं. मैत्रिणीची आई मॅटिनीला आली होती, तिने गेटवरच सांगितलं. मी तिचं तिकीट फाडलं आणि म्हटलं, जिना डावीकडे. मला वाटलं, शेवट ठरलेला आहे, त्यात मी कशाला?

ते राहू दे. निश्चय: आपण जायचं. बसने चौदा तास. बॅग मीच उचलणार. मुलाला म्हटलं, तिकीट काढ. तो म्हणाला, आई, तिला विचारलंस का? मी म्हटलं, बापाने विचारलं होतं का? त्याला संदर्भ लागला नाही. पण बॅरिस्टरने आत्याला मेसेज केला.

बुधवार, १२.

उत्तर आलं. ‘त्यांना येऊ नका म्हणावं. रविवारी चारला फोन करीन. पाच मिनिटं बोलेन.’

त्यांना. मला.

नर्स आहे ना ती, पेशंटच्या नातेवाइकांशी असंच बोलत असणार. सवय लागते.

पाच मिनिटं भरपूर झाली. ट्रेलर तीन मिनिटांचा असतो.

शुक्रवार, १४.

तालीम घेतली. सूनबाईला म्हटलं, तू थोरली हो, मी बोलते. मी म्हटलं, कशी आहेस? सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं हो? मी म्हटलं, छान, असंच बोल. मग ती बोलतच गेली. अठरा वर्षांत भाजीला कधी बरं म्हटलं नाहीत, माझ्या आईसमोर मला आळशी म्हणालात, शनिवारी भाजी तुम्ही करपवलीत आणि नाव माझं घेतलंत. मी म्हटलं, अगं, यातलं थोरलीचं कुठलं? ती म्हणाली, हे माझंच आहे.

तालीम बंद. ऐनवेळी सुचेल ते बोलेन. मला तोंड आहे.

शनिवार, १५.

प्रोजेक्ट परत आला. सरांनी लाल पेनने लिहिलंय, ‘फार व्यक्तिगत. सामाजिक महत्त्व कुठे आहे?’ बॅरिस्टर हिरमुसली. मी म्हटलं, सरांना सांग, जे शेजारणीला कळलं ते सामाजिक. सगळ्या रस्त्याला कळलं होतं.

मग तिला म्हटलं, अजून एक वाक्य घाल. हे सिनेमे पोरांना बिघडवतात म्हणून सगळे ओरडतात. पोरं घंटीपुरतं शिकतात. डायलॉग आम्ही पाठ करतो.

तिने लिहून घेतलं. म्हणाली, आजी, हे तू म्हणालीस म्हणून नाव घालू? मी म्हटलं, घाल. हुद्दा मात्र नीट घाल.

रविवार, १६. तीन पस्तीस.

मुलगा आणि सूनबाई बाहेर गेलेत, मुद्दाम. बॅरिस्टर आतल्या खोलीत. मोबाईल स्टुलावर, चार्जरला लावून. मुलाच्या फोनमधून काढून नंबर माझ्याकडे घातलाय. नाव प्लंबर नाही. थोरली असंच.

काय बोलायचं ते ठरलं. काहीच नाही. त्या बापासारखं. मात्र फोनवर बॅग कशी उचलतात ते कळत नाही. दुपारभर त्यावर विचार केला.

तीन पंचेचाळीस. पाच मिनिटांतलं एक ती रडण्यात घालवेल. किंवा नाही घालवणार. मला ‘त्यांना’ म्हणाली होती.

तीन पन्नास. दहा मिनिटं राहिली. खिडकीतून खालचं फाटक लागलेलं दिसतंय. रविवारी चारला माणसं बाहेर पडतात, फाटक लागलेलं असलं तर खोळंबा होतो. कोणीतरी उघडायला हवं. तीन जिने. मला उतरायला पाच मिनिटं, चढायला दहा. म्हणजे वेळेत होतं.

हजर: बॅरिस्टर. फोन वाजला की तिनेच उचलायचा. आजी गेटवर आहे म्हणून सांगायचं.