मागीलदारचा स्टोव्ह

१६ जानेवारी १९६३, वालावल
आज पुन्हा वहिनीच्या हातची आमटी. टोपाचा तळ दिसतो, बांगडा दिसत नाही. नारळ कुडाळच्या बाजारात जातात, आमच्या ताटात त्यांचा नुसता वास. मुंबईची खानावळ सोडून पेन्शनीत घरी आलो तो हे गिळायला? दादा मात्र मिटक्या मारतो. थोरला भाऊ आहे, मान्य. पण जिभेच्या बाबतीत दगड.
स्वतः रांधणार. ट्रंकेतला स्टोव्ह काढला. मागीलदारी मांडतो.

१७ जाने.
पहिली आमटी. तिरफळं बियांसकट वाटली, कडूजहर. बांगडे डवलीने ढवळले, लगदा. कुत्र्याने हुंगून तोंड फिरवलं. या गावात चव कळणारं निदान एक जनावर आहे म्हणायचं.
मासेवाली हसत, "बांगडे घातल्यावर डवली कित्याक घातलास? टोप धरून हलवचो." शिळा माल गळ्यात मारताना ही हुशारी कुठे होती?

१९ जाने.
जमली! तिरफळांच्या बिया काढल्या, साली नुसत्या ठेचून टाकल्या. आंबटाला सोलं शेवटी. टोप फडक्याने धरून हलवला. बांगडा अख्खा राहिला. मला एकच पुरतो, पण असा एक! बोटं चाटली. बायको गेल्यावर इतकं सुखाने जेवलो नव्हतो. इथे लिहायला हरकत नाही.

२१ जाने.
सोमवार, मासळी नाही. सोलकढी केली, नारळाचं दूध स्वतः पिळलं. पोटातली जळजळ गेली. डॉक्टर आणि त्याच्या बाटल्या गेल्या खड्ड्यात.
वहिनी विहिरीवर शेजारणीला, मला ऐकू येईल अशा बेताने, "तीस वर्सां खानावळीत गिळल्यानी, तेवा जीभ खंय होती?"
बाईला बोलता झकास येतं. त्यातली निम्मी चव आमटीत उतरली असती तर...

२४ जाने.
गावाला चघळायला विषय मिळाला. 'धाकट्यान चूल वेगळी केल्यान.' आणि चूल वेगळी म्हणजे वाटणी मागितली, हा इथला कायदा. अरे गाढवांनो, स्टोव्ह आहे तो! त्यावर आमटी शिजते, घर फुटत नाही.
दादा ओटीवर. "वाटणी होई तर तोंडान सांग. आमटी शिजवन कित्याक सांगतस?"
वाटणी मला नको. अर्ध्या घराचं काय लोणचं घालू? दादा सोडून मला आहे कोण? एवढंच बोलायचं होतं. बोललो काय, तर "वयनीक आमटी करूक शिकय."
दादा उठून गेला. सरळ बोलायची आमच्या घराण्याला सवयच नाही.

२७ जाने.
वाटणीचं ऐकून पंच आले. तिघे. गावातलं निवडक शहाणपण. नारायणकाका त्यांत म्होरके, म्हणाले, "आधी काय शिजता ता बघूया." वाढलं. तिघांनीही दुसऱ्यांदा मागून घेतली. न्याय करायला आले आणि टोप पुसून गेले.
तोंड पुसत नारायणकाका, "जेवाण ब्येस. पण असा रांधणारो आता वयनीची आमटी कित्याक खातलो? चूल वेगळी झालीच मां. आठ दिवसांत स्टोव्ह उचल, नायतर वाटणी."
म्हणजे वाईट रांधलं असतं तर सुटलो असतो.
दादा पंक्तीला होता. त्याच्या ताटातला बांगडा तसाच. भाताचा कणही शिवला नाही. पंचांच्या स्तुतीने फुगलो होतो, ते बघून सगळं उतरलं. वहिनी दाराआड रडत होती. मला वाटलं होतं, पीडा टळली म्हणून तिला आनंद होईल.

२८ जाने.
सोमवार. भात, कुळथाची पिठी. दादा ओटीवर, मी मागीलदारी.

३० जाने.
आत स्टोव्ह नेऊन ठेवला तर पुन्हा वहिनीच्या आमटीचं ते पाणी, जन्मभर. नाही नेला तर मधे भिंत. दुसरं काही या लोकांच्या डोक्यात येतच नाही. माझ्या तरी कुठे येतंय?
संध्याकाळी दोन बांगडे आणले, साफ करून मीठ-हळद लावलं. दादा मागीलदारी आला, स्टोव्ह मांडल्यापासून पहिल्यांदाच. टोपात वाकून बघितलं.
"दोन कित्याक हाडलंस? तुका एक पुरता मां?"
सत्तरीला आला, तरी एवढं कळत नाही या माणसाला. स्टोव्हला पंप मारला, टोप चढवला.
हे लिहितोय तर तो अजून पायरीवर बसलेला. आत येत नाही, जातही नाही. आमटीला कढ येतोय.