मोज्याची गाठ

डॅड,

मी कामावर निघालेय. राजमा-खिम्याची चिली फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या.

तुमचं कानाचं मशीन सापडलं. ड्रायरच्या मागे, आपल्या त्या मुंगसासारख्या लबाड फेरेटांनी चोरून साठवलेल्या ढिगात. त्याचं रबरी टोक शाबूत आहे, नशीब. ते त्यांच्यातल्या पिकलच्या पोटात गेलं असतं तर आतडं अडून ऑपरेशनची वेळ आली असती. म्हणूनच तुम्ही तिच्यासाठी हौसेनं आणलेलं रबरी बदक मी टाकून दिलं. रागावू नका. तुमचे जुने मोजे गाठ मारून देता ना, तेच खेळणं चांगलं. तिला दुसरं काही नकोच असतं.

आता मशीनबद्दल. ते अशाच एका मोज्यात होतं आणि मोज्याला गाठ होती. पिकल चोर आहे, कबूल. पण गाठ मारणं काही तिला जमत नाही.

मशीन ओट्यावर बशीत ठेवलंय. बिनधास्त घाला. रॉसनं आणि मी ठरवलंय, यापुढे नवरा-बायकोनं भांडायचं ते गॅरेजमध्ये. काल करून पाहिलं. तिथल्या थंडीत दात वाजायला लागले की भांडण पुढे सरकतच नाही.

लोर्ना