कोटाच्या खिशातल्या माश्या

प्रिय गुद्रुनताई,

तू बोलत नसलीस तरी धाकट्याचा नमस्कार घे. भाओजींचा गुडघा कसा आहे? बटाटे लावून झाले का? (उत्तर देऊ नकोस, रागावली आहेस हे ठाऊक आहे. पण आधी ख्यालीखुशाली विचारायची रीत आहे, आणि बाबांनी आपल्याला रीत तेवढी शिकवली.)

बाबांना मूठमाती देताना तू हात पसरून माझ्याकडे आलीस आणि मी मागे सरकलो. अख्ख्या साम्सो बेटाने ते पाहिलं. त्याचं कारण सांगतो, हसू नकोस. माझ्या कोटाच्या आतल्या खिशांत काचेच्या नळ्या होत्या आणि नळ्यांत माश्या.

झालं असं, की बाबा गेल्याचा तुझा फोन आला त्याच दिवशी इथे आर्हूसला प्रयोगशाळेतलं माश्यांचं उबदार कपाट बंद पडलं. त्यालाही तोच मुहूर्त सापडला! बाकीच्या माश्या चिवट, कुठेही कोंबल्या तरी जगतात. पण या माझ्या लाडक्या! पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींचीच लग्नं लावून वाढवलेल्या (तोंड वाकडं करू नकोस, त्याचाच पगार मिळतो), त्यामुळे अंगात त्राण म्हणून नाही. गंमत अशी, की हवा छान, खायला भरपूर, कसला म्हणून ताप नाही, तरी यांच्या अंगातली संकटाच्या वेळची जनुकं आपली चालूच. घराला आग नाही आणि हे बादल्या घेऊन धावताहेत! मग खरी झळ लागते तेव्हा बादली उचलायला बळ कुणाकडे उरणार? हे सगळं मी एकदा बाबांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे थेट तुझ्यावरच गेल्यात की रे!" वर आणखी, "लोक फुकटात माश्या मारतात, आमचे चिरंजीव पगार घेऊन पाळतात." माझ्या माश्यांची चौकशी करणारं घरात तेवढं एकच माणूस होतं, ताई.

तर बोटीवर मार्चचं ते बोचरं वारं. माश्या गारठून मरतील म्हणून मी त्या उराशी धरून आणल्या, खुडूक कोंबडीसारखा एका जागी बसून. त्यांच्या खाण्यात यीस्ट असतं, त्याचा वास म्हणजे निव्वळ बिअरचा गुत्ता. चर्चमध्ये नेमकी थूरा आत्या शेजारी. स्तोत्र चालू असताना मी कोट उघडून हळूच आत डोकावलो, तर ती कुजबुजली (तिची कुजबुज, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत), "मेल्या, बापाच्या मयतीलासुद्धा ढोसून आलास?" नंतर कॉफीच्या वेळी पाद्रीणबाईंनी मला बाजूला घेऊन दारू सोडवणाऱ्या मंडळींचा पत्ता दिला. मी आभार मानले. काय करणार!

तेव्हा असं आहे. तुला मिठी मारली असती तर नळ्या फुटल्या असत्या, एवढंच. मनात काही ठेवू नकोस.

तुझा,
एस्किल

ता. क. माश्या वाचल्या नाहीत. थंडीने नव्हे, माझ्या छातीच्या उबेने गेल्या. साध्या माश्यांनी ती सोसली असती.

ता. क. आणखी एक. त्या नंतर नाही मेल्या. स्तोत्राच्या वेळी डोकावलो तेव्हाच सगळ्या उताण्या पडल्या होत्या. म्हणजे तू हात पसरलेस तेव्हा खिशात वाचवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तू जवळ घेतलं असतंस तर मी भोकाड पसरलं असतं, ताई, आणि मग बाबा खरंच गेले असते. शनिवारच्या बोटीने येतोय. धक्क्यावर ये. मी मागे सरकलो तरी सोडू नकोस.