प्रिंटरने गिळलेली शेवटची ओळ

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

वडवणी, डिसेंबर २००२

तीर्थस्वरूप सिद्धाराममामांच्या पायी भाचा वैजिनाथचा शरणार्थ. कपिलधारच्या पायऱ्यांनी दानम्मामामींचे गुडघे धरले होते, ते सुटले का? तुमचा खोकला कसा आहे? लग्नसराईत प्रेस जोरात असेल. इकडे आई, म्हशी आणि मी, सारे मजेत आहोत.

पत्रास कारण तुमच्याच प्रेसचा लेझर प्रिंटर. उत्तरेश्वरकाकांच्या मुलीच्या पत्रिकेतली शेवटची ओळ, 'कृपया आहेर आणू नये', त्याने परस्पर गिळली आणि काकांच्या दारात स्टीलच्या भांड्यांचा ढीग लागला. (काकांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, हे लक्षात घ्या.) तुम्ही मात्र अक्षरजुळणी करणाऱ्या अपेक्षाला, म्हणजे पोटच्या मुलीला, आठवडाभर बोल लावलेत. मग कपिलधारच्या यात्रेत माझ्याकडे वळलात: "काय बे वैजिनाथ, फुकटातलं सामान आणून माझ्या कॉम्प्युटरात भरलंस. तुझं काम कुणी पास केलंय का कधी? करू दे एखाद्यानं, मंग पुढचं बोलू." ते 'पुढचं' मी धरून बसलो आहे. (कोणते पुढचे, ते मामींना ठाऊक आहे.)

मामा, दोष मुलीचा नव्हता. संगणकाची आणि प्रिंटरची गाठ घालून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटरने शेवटचा घास घ्यायच्या आत तो ताट उचलत होता. मी तो दुरुस्त केला. पण तुमच्या संगणकात मी भरलेली ही फुकटातली प्रणाली साऱ्या जगाने मिळून लिहिलेली. दुरुस्ती पाठवायची आणि ती मूळ प्रतीत घ्यायची की नाही हे तिकडचा जाणकार तपासून ठरवणार. माझ्या वाट्याला हाइनरिक्स नावाचे जर्मन गृहस्थ आले. त्यांच्यापुढे तुम्ही अगदी मवाळ.

फ्लॉपी घेऊन बीडच्या इंटरनेट कॅफेत गेलो. आरंभी रीतीप्रमाणे त्यांची, पत्नीची व लेकरांची खुशाली विचारली, पाऊसपाणी विचारले, सहकुटुंब परळीला यायचे आमंत्रण दिले. दुरुस्ती सगळ्याच्या खाली. उत्तर आले: माझ्या घरी कोणी आजारी आहे हे तुम्हाला कुठून कळले? (बिचाऱ्याने घाबरून घरी फोनही केला होता.) दुसऱ्या खेपेला खुशाली गाळली, पण श्रीकाराशिवाय फाईल कशी पाठवायची, म्हणून जाता जाता पहिल्या ओळीवर 'श्री' लिहिले. आपल्याकडे किराण्याची यादीही त्याशिवाय सुरू होत नाही. तिकडचा संगणक पहिल्याच ओळीला अडून बसला. हाइनरिक्स यांनी विचारले, ही ओळ नेमके काय काम करते? मी सविस्तर सांगितले. चार दिवसांनी त्यांनी कळवले, त्या ओळीचे मी बघतो.

तिसऱ्या खेपेला अट आली, की तुमच्याखेरीज आणखी कोणीतरी हे चालवून पाहिले पाहिजे. परळीच्या एसटीत कंडक्टरजवळ फ्लॉपी दिली, ती तुमच्या धर्मापुरीला पोचली. तुम्ही दुपारी आडवे झालात की अपेक्षा कागद काढून बघायची. फोनवर मला झापले: "ओळ आली, पण आता रिकामा कागद बी संगं येतोय. कावून? नीट करा, मंग पाठवा." हाइनरिक्सपेक्षा कडक! नीट केले, पाठवले. परवा निरोप आला: दुरुस्ती घेतली. मामा, मी कॅफेत सगळ्यांदेखत रडलो. कॅफेवाल्याने पाणी आणून दिले आणि कोण गेले ते विचारले.

मामींना नमस्कार. अपेक्षाला आता बोलू नका.

तुमचाच,
वैजिनाथ

ता. क. हाइनरिक्स यांनी 'श्री' काढले नाही. संगणक वाचत नाही अशा शेऱ्याच्या जागेत बसवून दिले. त्याखाली लिहिले आहे: दुरुस्ती वैजिनाथ, वडवणी, तपासणी अपेक्षा, धर्मापुरी. मामा, तुमचा जन्म छपाईत गेला. वर श्री, खाली दोन नावे, दोन गावे. फक्त तिथी तेवढी राहिली आहे, आणि ती घालणे तुमच्या हाती आहे. अपेक्षाला विचारले. ती म्हणाली, "मला चालतंय. अप्पांना तुमीच इचारा, मला लाज वाटती."

ता. क. दुसरा : आपल्या पत्रिकेतली 'आहेर आणू नये' ही ओळ प्रिंटर आता गिळणार नाही. गिळलेली बरी वाटत असेल तर तसे कळवा. जुना ड्रायव्हर जपून ठेवला आहे.