वायरमनच्या वर्गाला हरिदासभाऊंचा उजेड

तीर्थस्वरूप हरिदासभाऊंच्या चरणी, मुलचेऱ्याहून मामेभाऊ भैयाजीचा दंडवत. इथे आम्ही सर्व खुशाल आहोत (मध्ये ताप येऊन गेला, तो धरत नाही). वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि वडशाची धानाची रोवणी आटोपली असेल, असं समजून चालतो.

पत्रास कारण आभार. पावसाळ्यात नाटकं नसतात म्हणून तुम्ही रंगमंचाचे दिवे बांधून ठेवून दोन महिने आमच्या वनराई आयटीआयत वायरमनचा वर्ग फुकट शिकवलात. माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी हे उपकार फिटायचे नाहीत. निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्याची, जागा चार वर्षं रिकामी. शिकलेला माणूस पुण्याच्या कारखान्यात जातो. एक चुकून आला होता, तो बसमधून उतरला, जंगल पाहिलं आणि त्याच बसने परत गेला (चहासुद्धा घेतला नाही). त्यात यंदा अनुदानाला कात्री लागली. सामान म्हणून तारेचं एकच बंडल आलं. दिवसभर मुलं जोड मारतात, संध्याकाळी मी बसून सोडवतो. मी मुळात कारकून. प्राचार्य निवृत्त झाल्यापासून त्यांच्या खुर्चीवर बसतो, आणि विजेशी माझी ओळख म्हणाल तर एकदा बसलेला झटका.

मागच्या सोमवारी तपासणीला साहेब आले. वर्ग ठेवायचा की कायमचा बंद करायचा, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण तुम्ही नेमके त्याच दिवशी ब्रह्मपुरीला गेलेले. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या रुपालीला (तळ्यावर मासे धरणाऱ्या सोमाजीची मुलगी) विचारलं, मेन स्विच कधी बंद करायचा? पोरगी ताडकन उभी राहिली. "खून झाल्यावर, साहेब. अंधार नाई केला त मुडद्याले उठून जाता येत नाई."

भाऊ, नाटकातलं उदाहरण दिलं की डोक्यात बसतं, हे तुमचं म्हणणं खरं. फारच खोल बसतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि मी मनात वर्गाची तेरवी जेवून घेतली. तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरने चहासाठी विजेची शेगडी लावली आणि सगळे पंखे गपगार झाले. रुपालीने मेन स्विच पाडला (खून झालेला नसताना), रबरी चटईवर उभी राहून फ्यूज बांधला, शेगडी बाजूला काढून ठेवली आणि पाच मिनिटांत पंखे फिरवले. साहेबांनी विचारलं, शिकवतं कोण? "हरिदासभाऊ. नाटकवाले." साहेब बराच वेळ हसले, मग लिहिलं, वर्ग चालू ठेवावा.

खरं सांगतो भाऊ, मला रडू आलं. वर्ग बंद पडला असता तर ही पोरगी पुन्हा जाळं ओढायला गेली असती, आणि गावाच्या पाण्याची मोटर जळली की आठ-आठ दिवस जिल्ह्याच्या वायरमनकडे डोळे लावून बसणं आमच्या नशिबी होतंच. हे तुमच्यामुळे टळलं. वहिनींना नमस्कार, पोरांच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

आपला उपकृत,
भैयाजी
(प्रभारी प्राचार्य, कारकून व जोड सोडवणारा)

ता. क. शेऱ्याखाली बारीक अक्षरात दोन अटी आहेत, त्या आनंदाच्या भरात लिहायच्या राहिल्या. एक, वर्गात वीस मुलं पाहिजेत. आहेत एकोणीस, विसावा सुनिल तुम्हीच नाटक कंपनीत दिवे लावायला नेलात (तक्रार नाही). दुसरी, दोन वर्षांत वायरमन उत्तीर्ण निदेशक नेमावा. तुमची आठवी झाली आहे.

ता. क. २. प्रवेशाला आठवीच लागते आणि वयाची अट नाही. म्हणून सोबत प्रवेशअर्ज जोडला आहे, सही करून धाडावा. विसावे विद्यार्थी तुम्ही. शिकवायचंही तोवर तुम्हीच. दोन वर्षांनी उत्तीर्ण झालात की निदेशकाची जागा तुमचीच. तोवर ती कुणी घेईल, ही काळजी करू नये.

ता. क. ३. भाऊ तुझ्या बाकावर बसणार, असं रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, "बसू द्या ना जी. नाई समजलं त मी सांगीन त्यायले."