उपाशीपोटीची गोळी

वडीगोद्री,
२ डिसेंबर २०२५

चि. तृप्तीस, मीनाआत्याचे अ. उ. आ.

सासूबाईंच्या हृदयाचे ठोके बिघडले आहेत. आज दुपारी अंबडच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून तसं पक्कं सांगितलं. ठोके फार जलद आणि कसेही पडताहेत. अशात रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं पडू शकतं, म्हणाले. थायरॉईडची गोळी जास्त होतेय, ती आजच बंद करा आणि उद्या-परवात जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्या, असं त्यांनी बजावलं.

पण ऐकतील तर त्या गोजरबाई कसल्या! गोळी आपल्या तृप्तीनं दिली हाये, दुसऱ्या डाक्टरच्या सांगण्यावरून मी बिलकुल सोडणार न्हाई, असं त्या डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

कार्तिकी एकादशीला चातुर्मासाचा नेम सुटला, तेव्हापासून बाईंना नुसता हुरूप आलाय. पहाटे उठून गोळी घ्यायची की लगेच हातात झाडू. शेजारची चतुराबाई मला म्हणाली, तुझ्या सासूला आता बोहल्यावर चढव. मीही हसले. हसायला नको होतं. आता त्यांचे हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि काल न्हाणीत चक्कर आली तर भिंत धरून उभ्या होत्या.

फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि मी फोन लावला की समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून ही चिठ्ठी भागवतच्या हाती देते. तुझ्या या भावाचा टेम्पो सरकी घेऊन रात्रीच तिकडे निघतोय. यावेळी तुझ्या लग्नाचा विषय काढलेला नाही, निदान त्यासाठी तरी लगेच लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मीनाआत्या


जाफराबाद,
३ डिसेंबर, सकाळ

ती. सौ. आत्यास, तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

अंबडच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. गोळी बंदच करायची. जालन्याला उद्याच न्यायचं. तोवर छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर माझी वाट न बघता १०८ ला फोन कर.

आता एक विचारते. नेमाच्या महिन्यांत आजी गोळी केव्हा घेत होत्या? उन्हाळ्यात त्यांचा रिपोर्ट चांगला होता. आषाढानंतर तो दोनदा बिघडला आणि मी दोनदा गोळी वाढवली. दरवेळी तुला विचारलं, रोज घेतात ना? तू हो म्हणालीस, आणि ते खरंच असणार. केव्हा घेतात, हे मी विचारलंच नाही.

तुझ्या पत्रात नेम वाचला आणि जुन्या रिपोर्टच्या तारखा ताडून पाहिल्या. आजींचं एकभुक्त असतं. दुपारच्या ताटाआधी तोंडात काही घालायचं नाही. मग गोळी ताटावरच घेतली असेल, आणि त्याच वेळी कॅल्शियमची गोळीही, जी मीच जेवणानंतर लिहून दिली होती. तसं असेल तर थायरॉईडची गोळी पुरती अंगी लागलीच नाही. ती कमी पडत गेली, मी वाढवत गेले. नेम सुटल्यावर ती पुन्हा उपाशीपोटी गेली, आणि वाढवलेली सगळी लागू झाली. बहात्तर वर्षांच्या हृदयाला ते झेपलं नाही.

पुढचं त्यांच्या कानाशी बसून वाच.

आजी, गोळी वाईट नाही आणि तुमचा नेमही वाईट नाही. माप माझं चुकलं. मी दिली म्हणून घेत होतात, तर मीच सांगते म्हणून थांबवा. ती कायमची सुटणार नाही. तपासून, कमी करून मी पुन्हा देईन. उद्या जालन्याला या.

आज आरोग्य केंद्रावर मी एकटीच डॉक्टर आहे, म्हणून निघता येत नाही; हे पत्र परत निघालेल्या भागवतच्याच हाती देते. उद्याची रजा टाकली आहे. रागावली असशील तर भेटल्यावर रागव, पण आज मला अंतर देऊ नकोस.

तुझी,
तृप्ती


वडीगोद्री,
३ डिसेंबर, संध्याकाळ

चि. तृप्तीस, अ. उ. आ.

तुझा अंदाज खरा निघाला. दोन्ही गोळ्या ताटाच्या कडेला ठेवून दूधभाकरीच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. मी रोज बघत होते. पहाटे गोळी घेतली तर एकभुक्त मोडतं, आणि चार घास पोटात असले की औषध बाधत नाही, अशी त्यांची समजूत, माझीही तीच.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, डॉक्टर होऊन माझं चुकलं म्हणणारी पहिलीच पोर बघून राह्यले. मंग हिचं ऐकावंच लागंल. जालन्याला यायला तयार झाल्या. पण गोळ्यांचं पाकीट काही माझ्या हाती देईनात. पदराला बांधून ठेवलंय. तृप्तीनं दिलं, तिच्याच हातात देईन, म्हणतात.

मला भीती त्याचीच आहे. आज दोन पायऱ्या चढताना त्यांना दम लागला, आणि पहाटेची सवय हाताला असते, शब्द देऊनही हात गोळीकडे जातो. म्हणून मी त्यांच्या खाटेलगत अंथरूण टाकतेय.

भागवत आज मुक्कामाला तिकडे येतोय. सकाळी त्याच्याच टेम्पोत बसून नीघ. गावातल्या सर्जेरावची जीप आम्हाला घ्यायला सातला येईल. रागाचं भेटल्यावर बघू. दवाखान्याच्या फाटकात आम्ही उतरू तेव्हा तू समोर दिसली पाहिजेस. तुला बघेपर्यंत त्या पदराची गाठ सोडायच्या नाहीत.

जीव मुठीत धरलेली,
तुझी मीनाआत्या